निगेटिव्ह मोजा, मगच स्कॅनर घ्या


पवना धरणात गेलेल्या घराची खूण एखाद्या निगेटिव्हवरच उरली असेल. ती पेटीतून आजच काढा. मावळ-लोणावळ्याच्या दमट हवेत तिला बुरशी धरते. बुरशी पाण्याने पुसू नका, चित्रच निघून येईल.

स्कॅनर घेण्याआधी निगेटिव्ह फूटपट्टीने मोजा. पट्टी ३५ मिलिमीटर रुंद असेल तर छोटा फिल्म स्कॅनर पुरे. २४०० डीपीआय ठेवा. आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्याची चौकोनी निगेटिव्ह सुमारे ६ सेंटिमीटरची. ती त्यात मावत नाही. तिला झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर हवा. १२०० डीपीआय पुरतात. कागदपत्रांचा साधा स्कॅनर कामाचा नाही.

स्कॅन झाल्यावरही मूळ निगेटिव्ह बियाण्यासारखी कोरडी जपा.