बॉनेटखालची माऊ

स्वेटर बाहेर काढलेत ना? मग आता आणखी एक सवय लावून घ्या. सकाळी ऑफिसला निघताना गाडी स्टार्ट करायच्या आधी बॉनेटवर दोन सणसणीत थापा मारायच्या आणि दहा सेकंद थांबायचं. शेजारचे काका ‘हे काय नवीन खूळ?’ अशा नजरेने बघतील. बघू देत! रात्री नऊला तुम्ही गाडी लावता तेव्हा इंजिन चांगलं तापलेलं असतं आणि बाहेर पारा घसरत असतो. पार्किंगमधल्या त्या कबऱ्या मांजरीला याहून भारी बेडरूम कुठे मिळणार? ती खालून वर चढते, इंजिनाच्या बेचक्यात अंगाचं मुटकुळं करते आणि झोपून जाते. सकाळी तुम्हाला पंचिंगची घाई, किल्ली फिरते, आतला बेल्ट फिरतो... पुढचं लिहीत नाही. कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, तो सांगेल.

मी मूळची साताऱ्याची, आजोळ सांगलीचं. कामासाठी पुण्यात असले तरी डिसेंबर-जानेवारीतले बरेचसे वीकेण्ड एसटीत बसून खंबाटकी घाट चढण्यात जातात. त्यामुळे दोन्हीकडची थंडी आणि दोन्हीकडची मांजरं चांगल्या ओळखीची. साताऱ्याची थंडी डोंगरातली. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की पेपरात फोटो झळकतात आणि इकडे अजिंक्यताऱ्यावर मॉर्निंग वॉकला जाणारे कानटोप्या चढवतात. सांगलीची थंडी मात्र फसवी. दुपारी 30 अंशांच्या आसपास ऊन, शर्टाच्या बाह्या वर. आणि पहाटे कृष्णेवर धुकं, पारा जवळपास निम्म्यावर.

‘पण आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. अंग गरम ठेवायला जादा ताकद खर्च करावी लागू नये, यासाठी मांजराला भोवताली साधारण 30 ते 38 अंश लागतात. म्हणजे आपण पंखा लावतो तिथे त्याचं बरं चाललेलं असतं. पहाटेचे 12 अंश, रिकामं पोट, ओली फरशी... करा हिशेब. धडधाकट बोका तरून जातो. दोन महिन्यांची पिल्लं आणि म्हातारी, आजारी मांजरं अशा रात्रींत गुपचूप संपतात आणि सकाळी ते फक्त झाडलोट करणाऱ्या मावशींना कळतं.

पूर्वी काय करायची ही मांजरं? आजीला विचारलं तर ती हसली. "अगं, चुलीत झोपायची! निखारे विझले तरी राख पहाटेपर्यंत कोमट असायची. मांजर मूळचं पांढरं असलं तरी सकाळी राखाडी होऊन बाहेर यायचं." ‘चुलीत मांजर व्यालं’ असं गरिबीबद्दल म्हणतात ते त्यामुळेच; चूल पेटलीच नाही तर मांजराचा मुक्काम कायमचा. आता चुलीच्या जागी गॅस, वाड्याच्या जागी अपार्टमेंट. गुऱ्हाळावर चुलवणापाशी अजूनही एखादं मांजर पसरलेलं दिसतं, पण शहरातल्या मांजराच्या वाट्याला उरली ती तुमची गाडी.

मग करायचं काय? हीटर नको, रजई तर नकोच नको. माझी एक मैत्रीण साताऱ्यात गोडोलीला राहते, बँकेत नोकरी करते आणि सात मांजरांचं बघते. तिची युक्ती सांगते. मेडिकलच्या दुकानात काही औषधं थर्माकोलच्या जाड खोक्यांतून येतात. रिकामं खोकं मागितलं तर दुकानदार देऊन टाकतात. त्याच्या एका बाजूला, तळापासून जरा वर, साधारण 15 सेंटिमीटरचं भोक पाडायचं. मांजर शिरतं, मोठं कुत्रं शिरत नाही. झाकण टेपने पक्कं करायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद, खाली दोन विटा, वर एक, तोंड भिंतीकडे. खोकं प्रशस्त घेण्याचा मोह टाळा. आतली हवा मांजराच्याच अंगाने तापणार असते, तिला टू बीएचके परवडत नाही!

आत भरायचं भाताचं पिंजर. जुना स्वेटर किंवा गोधडी घालावी असं सगळ्यांनाच वाटतं, पण कापड दव आणि ओल शोषून घेतं आणि त्यावर झोपलेलं मांजर आणखी गारठतं. पिंजर कोरडं राहतं, शिवाय मांजराला त्यात घुसून बसता येतं. साताऱ्यात जावळी-पाटणकडचं कुणीतरी ऑफिसात असतंच, सांगलीकरांनी शिराळ्याच्या मित्राला सांगावं. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून ते मात्र भरू नका, त्याच्या कडा कापतात.

आणि दूध नको. मांजर आणि दूध ही जोडी गोष्टीतली. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि थंडीत जुलाब म्हणजे संकटच. चिकनच्या दुकानात स्वस्तात मिळणारे तुकडे बिनमिठाचे उकडून, हाडं काढून, रोज एका ठरलेल्या वेळी, अंधार पडायच्या आत द्यायचे. नाक गळतंय, डोळे चिकटलेत असं मांजर दिसलं तर आपल्या डब्यातली गोळी अजिबात द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गारठून निपचित पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी ऊब, मग खाणं. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून शेजारी ठेवा आणि डॉक्टर गाठा. अंग थंड असताना पाजलेलं पचत तर नाहीच, छातीतही जाऊ शकतं.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. कराड, वाळवा, शिराळा पट्ट्यात हिवाळा म्हणजे ऊसतोड आणि फडात सापडलेलं पिल्लू गावातल्याच मांजरीचं असेल असं नाही. ते वाघाटीचं असू शकतं. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली. ते घरी आणायचं नाही, सेल्फीही काढायची नाही. आई सहसा जवळपास असते आणि अंधारात पिल्लू उचलून नेते. 1926 वर वन विभागाला फोन करा आणि बाजूला व्हा.

आता भांडणाचा विषय. माझ्या मते नुसतं खायला घालणं ही अर्धीच माया आहे. मांजरीचा माज दिवसाच्या उजेडावर ठरतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागतो आणि गच्चीवर बोक्यांच्या मैफली सुरू होतात. गाभणकाळ साधारण 63 ते 65 दिवसांचा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये तुमच्याच खोक्यात चार पिल्लं. मग कुणीतरी वैतागून ती पोत्यात भरतं आणि हायवेपलीकडे सोडून येतं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून मारायचं नाही, सोडायचं! पोत्यातल्या पिल्लांना यात काय फरक पडतो?

म्हणून नसबंदी, आणि तीही संक्रांतीच्या आधी. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, तेव्हा ‘अजून लहान आहे’ हे कारण चालत नाही. रानटी मांजर हाती लागत नाही, जाळीचा पिंजरा लावावा लागतो. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं असतं, त्यामुळे त्या दिवशी बाकीच्यांनी बिस्किटं टाकू नयेत. पहिली चौकशी खासगी डॉक्टरांकडे किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात करा. पुणे-सातारा हायवेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथेही आधी फोन करून विचारा. सांगलीत ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था 2003पासून साखर कारखान्यांच्या बैलांसाठी काम करतेय. पार्किंगमधल्या मांजरांचा वाली मात्र बहुतेक वेळा तुमच्याआमच्यातलाच कुणीतरी असतो.

थंडीतल्या ऑपरेशनला एक पथ्य आहे. पोटावरचे केस भादरलेले असतात आणि भुलीतून बाहेर येईपर्यंत मांजराला अंगाची ऊब राखता येत नाही. तेव्हा निदान एक रात्र पिंजऱ्यावर चादर टाकून तिला घरातच ठेवायचं. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक किंचित कापतात. तो शिक्का. पुढच्या वर्षी तीच मांजर पुन्हा पिंजऱ्यात अडकली तर लांबूनच कळतं.

मैत्रिणीच्या सोसायटीत खोक्यांवरून रीतसर मीटिंग झाली. "उद्या सगळ्या गावाची मांजरं इथेच येतील," सेक्रेटरी म्हणाले. तिने वाद घातला नाही. सात मांजरांचे मोबाइलवरचे फोटो दाखवले, त्यातले पाच कान कापलेले. खोकी मीटर रूमच्या मागे सरकवायची आणि सांडलेलं तिने स्वतः पुसायचं, यावर तोड निघाली. कुणीतरी विष घालण्याची भाषा केली, तेव्हा वकिली करणाऱ्या एका मेंबरनेच भारतीय न्याय संहितेचं कलम 325 ऐकवलं. जनावराला विष घालून मारलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग चहा आला.

खोकी कधीपर्यंत ठेवायची? महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं आजी सांगते. तोपर्यंत राहू द्या. नंतर पिंजर टाकून द्या, खोकं साबणाने धुऊन उन्हात वाळवा आणि गच्चीच्या जिन्याखाली ठेवा. आणि बाहेर ‘हे फेकू नये’ अशी चिठ्ठी चिकटवायला विसरू नका, दिवाळीच्या सफाईत पहिलं तेच जातं.