ताम्हण : शोभेचं झाड, कामाचं लाकूड

सोसायटीच्या कडेला किंवा रस्त्यालगत कोणतं झाड लावावं, असं तुमच्यापैकी अनेकजण विचारता. जागा मोकळी आणि पाण्याची सोय असेल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : ताम्हण.

पूजेतलं ताम्हण नव्हे, महाराष्ट्राचं राज्यफूल! उत्तर भारतात आणि बंगालमध्ये याला जारूल म्हणतात, केरळात मणिमरुत. कर्नाटकातलं नाव मला फार आवडतं, होळे दासवाळ, म्हणजे नदीकाठची जास्वंद. जास्वंदीशी याचं नातं नाही, पण नावातच लागवडीची पहिली सूचना आहे. हे मुळात ओढ्या-नद्यांच्या काठचं झाड. ओल याला मानवते, कोरडं माळरान नाही.

एप्रिल ते जूनमध्ये जांभळ्या फुलांचे तुरे येतात. शोभेसाठी आपण सर्रास गुलमोहर लावतो. तो मादागास्करचा, आणि त्याच्या फांद्या वादळात लवकर मोडतात. ताम्हण इथलंच आणि लाकडाने भक्कम.

हे लाकूड तांबूस, कठीण आणि पाण्यात टिकणारं. आसाम आणि बंगालकडे त्याला सागाच्या खालोखाल मान होता. होड्या, बैलगाड्या, घराचे खांब त्यातून होत. आम्हा फौजी लोकांना विशेष वाटावं असं म्हणजे, इंग्रजी अमदानीत तोफांच्या गाड्यांचे भागही या लाकडाचे बनत. मात्र चांगलं जाड खोड व्हायला काही दशकं लागतात. झटपट पैशासाठी हे झाड लावू नका. आणि खासगी जागेतलं झाड असलं, तरी तोडण्याआधी नियम पाहा. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

आता लागवड. रोप घेताना पानं पाहा. याच्याच कुळातलं परदेशी झुडूप रोपवाटिकेत जवळपास त्याच नावाने मिळतं. त्याची पानं दोन-तीन इंचांची असतात, ताम्हणाची हाताच्या पंजाएवढी. ते झुडूप कुंडीत शोभेल, पण त्याचा वृक्ष होणार नाही.

तीन-चार फुटी रोप घ्या. पावसाच्या तोंडावर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून माती व शेणखत भरा. दिवसभर ऊन हवं. दोन झाडांत किमान पंधरा फूट अंतर ठेवा आणि विजेच्या तारांखाली मुळीच लावू नका. सरळ खोड हवं असेल तर खालच्या फांद्या लहान असतानाच कापा. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, म्हणून छाटणी हिवाळ्यात करा, बहराच्या तोंडावर नको. हिवाळ्यात पानं लाल होऊन गळतात. झाड मेलं समजून उपटू नका.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. जुलैत फोटो काढून झाडं मोजली जातात. फौजेत मोहिमेवर किती गेले एवढंच मोजून भागत नाही, किती परतले याचीही हजेरी होते. झाडांची हजेरी पुढच्या जूनमध्ये घ्या. पहिले तीन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून कुंपण, एवढं ज्यांना जमेल त्यांनी दोनच झाडं लावावीत. न जमणाऱ्या पन्नासांपेक्षा ती दोन बरी. पाणी कोण घालणार, त्याचं नाव खड्डा खणण्याआधी ठरवा.