गोदामावरचं साल

समजा तुम्ही परदेशात नवंकोरं दगडी गोदाम बांधलंय. सरकारी माणूस येतो आणि म्हणतो, पाडा! कारण काय, तर त्यावर कोरलेलं साल. तुम्ही काय कराल?

१६४० मध्ये जपानच्या हिरादो बंदरात डच ईस्ट इंडिया कंपनीवर हीच वेळ आली. गोदामावर इसवी सन कोरला होता आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्माला बंदी होती. कंपनीचा तिथला प्रमुख फ्रान्स्वा कारों यानं वाद घातला नाही. लगेच पाडायला घेतलं.

त्याला पोर्तुगीजांचे हाल दिसत होते. मकावहून चिनी रेशीम आणायचं आणि जपानची चांदी न्यायची, असा त्यांचा जोरदार धंदा. पण त्यांच्या जहाजांतून पाद्रीही यायचे. १६३७ मध्ये शिमाबारात शेतकरी उठले. कराचा जाच होताच, पण त्यांत ख्रिस्ती खूप होते. शोगुनच्या सरकारनं १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं. पुढच्या वर्षी मकावनं विनवणी करायला माणसं पाठवली, तर त्यातल्या ६१ जणांना ठार केलं. १३ जणांना परत पाठवलं, निरोप सांगायला.

डचही ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट. कॅथलिकांशी त्यांचं युरोपातच युद्ध चालू होतं. 'आम्ही फक्त धंद्याला आलोय' हे ते पटवून देऊ शकले.

इकडे नागासाकीतल्या २५ व्यापाऱ्यांनी पैसे घालून पोर्तुगीजांसाठी देजिमा नावाचं छोटं बेट बांधून घेतलं होतं. भाडेकरूच गेला! (रिकाम्या गाळ्याचं दुखणं मला विचारा.) १६४१ मध्ये डचांना तिथं हलवलं. परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही, उघड प्रार्थना नाही, शोगुनला मुजरा करायला एदोपर्यंत जायचं. त्या बदल्यात दोनशेहून जास्त वर्षं जपानशी थेट व्यापार करणारे युरोपीय फक्त तेच.

बॅचमध्ये मी याला हुशारी म्हटलं. तेव्हा एका ताईंनी विचारलं, "सर, गोदाम पाडलं ते कळलं, पण तोफांचं काय?"

बरोबर पकडलं. १६३८ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून डच जहाजानं शिमाबारातल्या बंडखोरांच्या किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या. किल्ला पडला, तेव्हा आतले जवळजवळ सगळे मारले गेले, बायका-मुलंसुद्धा. गोदाम मीही पाडलं असतं. तोफांना हुशारी म्हणवत नाही, आणि बॅचमध्ये तो शब्द मी मागे घेतला.

याच देजिमातून निघालेलं जपानी तांबं डच आपल्या सुरतेत विकायचे. त्याची गोष्ट पुढच्या व्हिडिओत.