आजोबांच्या गाडीला फायबरचा साज

पेडणे किंवा डिचोलीत जुन्या घरांच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली झाकलेली एखादी गाडी अजूनही सापडते. बहुतेक वेळा फियाट नाहीतर अँबेसेडर, कुणाच्या नशिबाने ओपेल किंवा मर्सिडीजसुद्धा. १९६१पर्यंत पोर्तुगीज अमलात गोव्यात परदेशी गाड्या सहज येत. शेजारच्या सावंतवाडीत मात्र भारताचे आयातीवरचे कडक निर्बंध लागू होते. एवढ्याशा मुलखात गाड्यांचे इतके प्रकार दिसतात ते त्यामुळे.

आपल्या पिढीतल्या काही जणांना आता आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस आली आहे. इंजिन एखादा जुना मेकॅनिक काही ना काही करून सुरू करतो. घोडं अडतं ते बाहेरच्या साजापाशी: ग्रिल, दिव्याभोवतीची रिंग, डॅशबोर्ड, मडगार्डची कड. हे भाग बनवणारी कंपनीच राहिली नाही, आणि भंगारात मिळतात ते आपल्यापेक्षा जास्त गंजलेले असतात. समुद्राची खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

फायबर मात्र गंजत नाही. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या रोज पाण्यात जातात, आणि आपण बसतो त्या बसचं तोंडही बहुधा फायबरचंच असतं. ‘फायबर म्हणजे जुगाड’ असं नाक मुरडणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या शेव्हरोले कॉर्वेटचं उदाहरण देतो. १९५३मध्ये तिच्या पहिल्या ३०० गाड्या निघाल्या, सगळ्यांची बॉडी फायबरची.

काम दिसायला सोपं आहे. मूळ भाग घासून, लांबी भरून गुळगुळीत करायचा. त्यावर मेणाचे चार-सहा थर, मग जेलकोट, मग काचतंतूंची मॅट आणि रेझिन. रेझिनमध्ये हार्डनर अगदी थोडा, शेकड्याला एक-दोन भाग; जास्त झाला तर रेझिन तापून तडकतं. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. हा झाला साचा, आणि त्याच्या आत पुन्हा हेच सगळं केलं की नवा भाग निघतो. पावसाळ्यात हे काम न काढलेलं बरं, कारण ओल धरलेली मॅट रेझिन नीट पीत नाही. अंगाला खाज सुटते ती मात्र बाराही महिने!

खरी अडचण साच्याची असते. रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं. त्यामुळे मूळ भागावरून घेतलेली नक्कल चालून जाते. पण नकलेवरून साचा, त्या साच्यातून पुन्हा नक्कल, असं होत गेलं की ग्रिल दोन मिलिमीटरने आखूड निघतं आणि बोल्ट बसत नाहीत. आमच्या धंद्यात मूळ फाइल सांभाळतात, तसाच इथे मूळ पत्रा सांभाळावा लागतो. उजवी कड गंजून गेली आणि डावी शाबूत असेल, तर डावीचं थ्रीडी स्कॅनिंग करून संगणकावर आरशासारखी उलटवता येते. त्यावरून छापलेल्या नमुन्याचा साचा करायचा. मला हा मार्ग फार आवडतो, पण नमुना घासून घासून गुळगुळीत करणारा हात शेवटी कारागिराचाच लागतो.

फायबर कुठे लावू नये हेही सांगायला हवं. आपल्याकडे १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट आणि पुढची प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची पट्टी नुसती शोभेची वाटते, पण तिच्यावर गाडी उभी असते. सडलेल्या पट्टीवर फायबर चढवून रंग मारला की गाडी फोटोत झकास दिसते आणि आतला गंज खुशाल वाढत राहतो. तिथे पत्रा कापून नवा पत्रा वेल्डच करायला हवा. बंपरही मी फायबरचा करणार नाही. लोखंडी बंपर धक्क्याने चेपतो, फायबरचा तडकतो. आणि क्रोमची चमक फायबरवर रंगाने आणायला कुणी जाऊ नये. चांदीचा वर्ख लावलेल्या मिठाईसारखी दिसते.

कायद्याची बाजूही आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. मुख्य अट म्हणजे गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे हौसेपोटी अख्खी बॉडी फायबरची केली, तर व्हिंटेज नोंदणीवर पाणी सोडावं लागेल.

तेव्हा कारागिराकडे जाण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. साचा कुठल्या भागावरून घेणार, ते त्याला स्पष्ट विचारा. आणि काम झाल्यावर तो जुना, गंजका तुकडा आठवणीने परत मागून घ्या. भंगारवाला किलोवर नेईल, पण पुढचा साचा त्याच्यावरूनच निघणार आहे.