बाभळीवर पोसणारा कोळी

कोळी म्हटला की जाळे आणि त्यात अडकलेली माशी हे चित्र डोळ्यांपुढे येते. तथापि घराच्या भिंतीवर जाळे न विणता, दबा धरून माशीवर झेप घेणारा आखूड पायांचा कोळीही सर्वांच्या पाहण्यातला आहे. अशा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून त्यांची उपजीविका मुख्यतः शिकारीवर चालते. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ‘बघीरा किपलिंगी’ ही जात मात्र याला ठळक अपवाद होय.

नाव वाचून शिक्षकबंधूंना मोगली आठवेल, आणि ते योग्यच आहे. १८९६ साली अमेरिकेतील पेकहॅम दांपत्याने किपलिंगच्या कथांतील काळ्या बिबळ्याचे नाव या कोळ्यास दिले. त्या कथा सिवनीच्या डोंगरांत घडतात. या कोळ्याने मात्र भारत पाहिलेला नाही.

त्याचे वसतिस्थान म्हणजे तेथील एक विशिष्ट बाभूळ. आपल्या बाभळीचे काटे भरीव असतात. तिचे फुगीर व पोकळ असून त्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना मधुरस पुरविते, शिवाय कोवळ्या पर्णिकांच्या टोकांशी प्रथिने व स्निग्धांशयुक्त बारीक गाठी धरते. मोबदल्यात मुंग्या पाला खाणाऱ्या किड्यांना व जनावरांना कडाडून चावतात, लगतच्या वेलीही कुरतडून टाकतात. थॉमस बेल्ट यांनी १८७४ साली हे प्रथम सविस्तर वर्णिले, म्हणून त्या गाठींना त्यांचेच नाव मिळाले. जागल्याला बलुते द्यावे, तसाच हा व्यवहार.

आमचा कोळी जागल न करता हे बलुते उचलतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मेक्सिकोत त्याच्या आहारात नव्वद टक्क्यांहून अधिक, तर कोस्टारिकात सुमारे साठ टक्के वाटा या गाठींचा आढळला. झाडाला बाराही महिने नवी पालवी फुटत असल्याने हे अन्न आटत नाही. धोका आहे तो पहारेकऱ्यांचा. त्यांच्या हाती सापडल्यास धडगत नाही, म्हणून तो आपले घरटे जुन्या पानांच्या टोकांशी करतो. तिकडे मुंग्यांची फेरी क्वचित होते. तीक्ष्ण नजरेने तो मुंगी दुरूनच हेरतो, बाजूला उडी घेतो, आणि कोंडी झालीच तर रेशमी धाग्याने खाली लोंबकळतो. वाट मोकळी होताच गाठ तोडून पसार!

त्याला निव्वळ शाकाहारी म्हणण्याची घाई मात्र करू नये. संधी मिळाली की तो मुंग्यांच्या अळ्याही पळवितो.