पहिला फूट थंडाव्याचा, दुसरा ओझ्याचा

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला नांदूरघाटात एखाद्या पत्र्याच्या घरात पाच मिनिटं गप्प बसून राहा. डोक्यावर टक् टक् असा आवाज येत राहतो. तापून पसरलेला पत्रा हुकांशी ओढ घेतो, त्याचा तो आवाज. हात वर करून पत्र्याखाली वीतभर अंतरावर धरला, तर चुलीपुढे धरल्यासारखी झळ लागते. त्याच पत्र्याच्या अँगलला दोरी बांधून झोळी टांगलेली असते आणि झोळीत बाळ असतं. मोठी माणसं खाली फरशीवर पाणी शिंपडून आडवी होतात. घरातलं सगळ्यात लहान माणूस छताच्या सगळ्यात जवळ झोपलेलं असतं.

हवा आपल्या कातडीपेक्षा गरम झाली की शरीराला थंड व्हायला घाम हा एकच मार्ग उरतो. तान्ह्या बाळाला पुरेसा घाम येत नाही, पाणी मागता येत नाही आणि वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असल्यामुळे ते तापतंही लवकर. म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं उशिरा कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत घरातल्या अति उष्णतेपासून बचाव हा मुद्दा स्वतंत्रपणे घेतला आहे. आपल्याकडे उष्माघाताचं नाव निघालं की डोळ्यांपुढे रानात राबणारा माणूस येतो. घरात बसलेल्याचा विचार फारसा होत नाही.

केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं नांदूरघाट एकोणीस उत्तर अक्षांशाच्या थोडं अलीकडे आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर माणसाची सावली पायाखाली गडप होते. अशा वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा छपरावर. म्हणून इथल्या घराचं आरोग्य भिंतीआधी छपरावर ठरतं.

बीडच्या खेड्यांत एकाच गल्लीत तीन जातींची छपरं दिसतात: जुनं माळवद, पन्हाळी पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. ऊन पडलं की काही मिनिटांत तो साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो आणि तीच उष्णता खाली फेकतो. रात्री मात्र तितक्याच लवकर निवतो. स्लॅबची तऱ्हा उलटी. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर उष्णता पीत राहतं आणि दिवेलागणीनंतर ती घरात सोडायला लागतं. बाहेर वारा सुटलेला असताना आत उकडतं, माणसं गच्चीवर अंथरूण टाकतात आणि जिला जिना चढवत नाही ती आजी आत भट्टीतच राहते.

माळवदात असं होत नाही. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर लाकडी फळ्या, मग पाला-तुराट्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाची उष्णता या मातीत लाटेसारखी खाली उतरते आणि उतरता उतरता विरते. कोरड्या मातीत साधारण दर बारा सेंटिमीटरला ही लाट जवळपास एक-तृतीयांशावर येते. फूटभर खाली पोहोचेपर्यंत शंभरातले सात-आठ भागच उरतात, तेही नऊ-दहा तास उशिराने. दुपारच्या उन्हाची खबर छताच्या तळाला लागते तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. शिवाय छताच्या मधोमध साणं, म्हणजे उघडं भोक, असायचं. चुलीचा धूर आणि वर चढलेली गरम हवा त्यातून निघून जायची, उजेड आत यायचा. घरातल्या धुराने 2020 साली जगभरात सुमारे बत्तीस लाख माणसं मेली, असा आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या साण्याकडे मी आता फार आदराने पाहतो.

मग लोकांनी माळवद का सोडलं? लाकूड महाग झालं, दर पावसाळ्याआधी वर माती टाकणारे हात कमी झाले, ही कारणं खरीच. पण त्यांच्या मागे एक भीती उभी आहे. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे तीन वाजून 56 मिनिटांनी भूकंपाने किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. गोटे मातीत रचून केलेल्या जाड भिंती. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये कपच्यांची भर. हादऱ्यासरशी दोन्ही पदर सुटले आणि वरचं माळवद खाली आलं. दरवर्षी गळती थांबवायला टाकलेल्या मातीचे थर साचून काही छतं दोन-दोन फूट जाड झाली होती. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे आठ-नऊ टन. उसाने गच्च भरलेल्या चार बैलगाड्या झोपलेल्या माणसांवर टांगून ठेवाव्यात, तसं हे ओझं.

किल्लारीनंतर 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, पण धास्ती त्या गावांपुरती राहिली नाही. मराठवाडाभर पत्रा हे सुरक्षित छप्पर ठरलं. हलकं, स्वस्त, पडलं तरी जीव वाचेल असं. त्या लोकांना मी चूक म्हणणार नाही. त्यांनी भूकंपापासून जीव वाचवला आणि किंमत दर उन्हाळ्यात मोजली.

इथेच मघाचा हिशोब पुन्हा बघावा असं वाटतं. उष्णतेची लाट पहिल्या फुटातच विरली असेल, तर दुसऱ्या फुटाने केलं काय? थंडावा नाममात्र वाढवला आणि ओझं मात्र दुप्पट केलं. म्हणजे माळवदाचा गुण पहिल्या फुटात होता आणि किल्लारीत जीव घेणारं जादा वजन दुसऱ्या फुटात. गळतीसाठी दरवर्षी माती चढवण्याऐवजी जुना थर आधी खरवडून काढला, खाली चांगला प्लास्टिकचा कागद अंथरला, तर छत फुटावर ठेवता येतं. भिंतींसाठी 1993 सालचंच भारतीय मानक 13828 आहे. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड ठरावीक अंतराने बसवायचे आणि दरवाजा-खिडक्यांच्या माथ्यावरून घराला चहूबाजूंनी पट्टा घालायचा, जसा पेटीला घालतात. पट्टा काँक्रीटचा चालतो, लाकडाचाही चालतो. बाकी दगड-माती गावचीच. जगभरात माणूस हवेत सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. इथे ते लागेल पट्ट्यापुरतं.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला निदान 25 चौरस मीटर जागा, त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा आणि सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजारांचं अनुदान ठरलं आहे. एवढ्या पैशात पत्रा किंवा स्लॅब याशिवाय काही सुचत नाही हे खरं. पण घरकुलाची आखणी करतानाच पश्चिमेची भिंत बिनखिडकीची ठेवणं, समोरासमोर झरोके काढणं, चुलीवर धुराडं घेणं आणि मावळतीला लिंब लावायला जागा सोडणं याला जवळजवळ काहीच पडत नाही. अहमदाबादेत मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त माणसं गेली आणि 2013 साली त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला. त्यात झोपडपट्टीतली छपरं पांढरी करण्याचं काम पुढे आलं. बीडच्या ऊसतोड वस्त्यांना ते तसंच्या तसं लागू पडतं.

कोरा पत्रा चकाकतो म्हणून तो ऊन परतवतो असं वाटतं. परतवतोही थोडं. पण चकचकीत धातूला स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकता येत नाही, आणि गंजला की तो ऊनही जास्त पितो. चुना दोन्ही कामं करतो. ऊन परतवतो आणि शिरलेली उष्णता आभाळाकडे सोडून देतो.

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याला गेलेल्या ऊसतोड टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि पाच-सहा महिने बंद असलेलं घर उघडतात. तीच वेळ बरी. चुना आदल्या रात्री भिजत घालायचा, डोळ्यांत उडू नये म्हणून जपायचं, सकाळी गाळून त्यात थोडं फेविकॉल मिसळायचं. ऊन चढायच्या आत पत्रा झाडून पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. पावसाळ्यात यातला बराच धुऊन जाईल. जाऊ द्यावा. थंडीत पत्रा थोडा तापलेलाच बरा, आणि गुढीपाडव्याला पुन्हा बादली काढायचीच आहे.