क्रमांक कोणाचा?

श्रोतेहो, मालवण-वेंगुर्ल्याकडचा चाकरमानी मुंबईच्या गिरणीत लागला की त्याला तिकीट नंबर मिळे. पगार, रजा, फंड सारे त्या नंबराला बांधलेले. म्हणून क्रमांक कसा द्यावा आणि त्यामागची नोंद कुठे ठेवावी, हा प्रश्न नुसता कारकुनी नाही. तो भाकरीचा आहे. संगणकावर खेळ रचणाऱ्यांनाही तो सोडवावा लागतो.

पडद्यावर हजारो वस्तू असतात. त्यांच्या एका पद्धतीत वस्तू म्हणजे नुसता क्रमांक. तिची जागा एका वहीत, वेग दुसऱ्या वहीत. होडीला वेग आहे. खडकाला नाही, म्हणून वेगाच्या वहीत खडकाची ओळच नसते. यंत्र ती वही सलग वाचत जाते व काम झपाट्याने उरकते. एखादी ओळ खोडली की शेवटची ओळ उचलून तिच्या जागी ठेवतात. कोणता क्रमांक कोणत्या ओळीवर, याची सूची निराळी असते. ओळ हलली तरी क्रमांक बदलत नाही.

खरी मेख पुढे आहे. वस्तू नाहीशी झाली की तिचा क्रमांक नव्या वस्तूला देतात. समजा, 412 नंबरचा कामगार निवृत्त झाला आणि तोच नंबर नव्या बदली कामगाराला मिळाला. मागाहून जुन्याच्या थकबाकीचा कागद आला, तर पैसे कोणाला? सी प्लस प्लस भाषेतील 'एनटीटी' या साधनसंचात यावर तोड आहे. तिथे क्रमांकाला सामान्यतः शून्य-एकाची 32 घरे असतात: 20 अनुक्रमासाठी, 12 आवृत्तीसाठी. क्रमांक मोकळा झाला की आवृत्ती वाढते. जुना कागद जुळत नाही व ओळखू येतो. मात्र 12 घरांत सुमारे 4,000 आवृत्त्याच मावतात. पुढे मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

खेळात हे खपते, माणसाच्या हिशेबात नाही. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली नोकरी बदलली की खाते क्रमांक बदले. 2014 मध्ये 12 आकडी सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, आला. नोकरी बदलली तरी तो एकच. प्रत्येक नोकरीचे खाते त्याला जोडायचे. ओळख एक, नोंदी अनेक, हेच तत्त्व.

तेव्हा मित्रहो, नुसता क्रमांक पाठ करून थांबू नका. नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख स्वतः वाचून पाहा. यंत्र चुकीची नोंदही तितक्याच इमानाने जपते.